स्मृतिभ्रंशाच्या इतिहासांतील सहचर

शोधांचा इतिहास लिहितांना शोधकाचें नांव घ्यावयाचें, ज्या वस्तूचा शोध लागला तिचें सविस्तर वर्णन करावयाचें, आणि ज्याच्या घरांतून ती वस्तु शोधकाच्या हातीं आली त्या माणसास एका ओळींत निकालांत काढावयाचें, अशी एक रूढि पडून गेली आहे. वैद्यकाच्या इतिहासांत ती विशेषच दिसून येते. रोगास वैद्याचें नांव मिळतें. रोग्याच्या नांवाचें आद्याक्षर टिपणांत राहतें. आणि रोग्याच्या उशाशीं रात्री काढणारें जें माणूस, त्याचा उल्लेख 'घरच्या मंडळींनीं सांगितलें कीं' एवढ्यापुरताच होतो. स्मृतिभ्रंशाचा जो प्रकार आज सर्व जगांत अल्झायमरच्या नांवानें ओळखला जातो, त्याच्या इतिहासांत असेंच घडलें आहे. हा इतिहास रोग्याच्या पतीच्या, किंवा प्रसंगीं पत्नीच्या, बाजूनें पाहिला तर कसा दिसतो, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा उद्देश आहे.

आपल्याकडे या विकारास पूर्वीं स्वतंत्र शास्त्रीय नांव नसलें तरी बोलण्यांत शब्द होते. 'म्हातारचळ' हा त्यांतला एक, आणि 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण तर सर्वांच्या तोंडची आहे. दोहोंतही थट्टेचा सूर आहे, आणि त्या थट्टेआड एक समजूत आहे ती अशी कीं, वय झालें म्हणजे असें व्हावयाचेंच. ही समजूत वरवर निरुपद्रवी दिसते, परंतु तिचा भार कोणावर पडतो याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. ज्या गोष्टीस रोग म्हणत नाहींत, तिच्या शुश्रूषेस शुश्रूषाही म्हणत नाहींत. यजमान तापानें अंथरुणास खिळले तर चार माणसें विचारपूस करावयास येतात. तेच यजमान आपल्या राहत्या घरांत 'मला घरीं जावयाचें आहे' म्हणून रात्रभर दाराशीं उभे राहूं लागले, तर त्यांच्या पत्नीस 'आतां वयच झालें' एवढें ऐकून गप्प बसावें लागतें.

विवाहाच्या वचनांकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कन्यादानाच्या वेळीं वधूचा पिता वराकडून असें वचन घेतो कीं धर्म, अर्थ आणि काम या तिहींच्या बाबतींत तो हिचें उल्लंघन करणार नाहीं. आणि वर 'नातिचरामि' असें उत्तर देतो. यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या प्रसंगीं हें वचन पुरुषाकडून मागितलें जातें. स्त्रीकडून मागितलें जात नाहीं, कारण तिचें तें गृहीतच धरलेलें असतें. इंग्लंडांतील धर्ममंदिरांत १५४९ सालच्या प्रार्थनाग्रंथापासून वधू आणि वर हीं दोघेंही आजारांत व आरोग्यांत एकमेकांस सांभाळण्याची शपथ घेत आलीं आहेत. परंतु दोन्ही ठिकाणीं एक गोष्ट न बोलतां मानलेली आहे: वचन देणारा व घेणारा अशा दोघांसही त्या वचनाची आठवण राहील. शाकुंतलांत दुष्यंतास पत्नीचें विस्मरण होतें तें दुर्वासाच्या शापानें, आणि अंगठी दृष्टीस पडतांच तें दूर होतें. ज्या विस्मरणावर अंगठीचा उपाय नाहीं त्या विस्मरणांत विवाहाचें काय होतें, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर तत्त्वचर्चेंत शोधण्यापेक्षां घडलेल्या गोष्टींत शोधणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

मायन नदीच्या कांठीं वसलेल्या फ्रांकफुर्ट शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं कार्ल डेटर नांवाचा रेल्वेच्या कचेरींतील एक कारकून राहत असे. त्याच्या पत्नीचें नांव आउगुस्टे. तिचा जन्म १६ मे १८५० रोजीं कासेल गांवीं झालेला. लहान वयांतच ती शिवणकाम करूं लागली होती. १८७३ सालीं तिचा कार्लशीं विवाह झाला आणि पुढें त्यांस एक मुलगी झाली. अठ्ठावीस वर्षांचा हा संसार इतिहासानें दखल घ्यावी असा मुळींच नव्हता. १९०१ सालच्या वसंतांत मात्र आउगुस्टेनें एकाएकीं पतीवर आरोप केला कीं, तो शेजारच्या एका बाईबरोबर फिरावयास जातो. त्यापुढें तिच्या स्वयंपाकांत चुका होऊं लागल्या. ती वस्तु लपवून ठेवूं लागली. कारण नसतां या खोलींतून त्या खोलींत फिरूं लागली. शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटा वाजवूं लागली. घरीं येणाऱ्या एका गाडीवानापासून आपणास अपाय होईल अशी धास्ती तिनें घेतली. तिचें वय तेव्हां अवघें एक्कावन्न होतें. 'वय झालें' असें म्हणून हात झटकण्याची सोय येथें नव्हती. २५ नोव्हेंबर १९०१ रोजीं तिला मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळांत दाखल करण्यांत आलें.

ही सारी हकीकत इस्पितळास मिळाली ती कार्ल डेटरकडून. पुढें १९०७ सालीं जो निबंध छापला गेला, त्यांत या रोगाचें पहिलें ठळक लक्षण म्हणून पतीविषयींचा मत्सर नमूद केलेला आहे. हें वाक्य वैद्यकाचे विद्यार्थी शंभर वर्षें वाचीत आले आहेत. पण त्यामागचा प्रसंग डोळ्यांपुढें आणून पाहिला पाहिजे. एक साधा कारकून परक्या वैद्यांपुढें बसून, आपल्या पत्नीनें आपल्या शीलावर घेतलेला आळ आपल्याच तोंडानें सांगत आहे. तो आळ झांकून ठेवावा असा मोह कोणासही झाला असता. तो सांगितला गेला म्हणूनच एका रोगाचा आरंभ कोठून होतो याची शास्त्रास पहिली खूण मिळाली. या रोगानें त्या स्त्रीपासून प्रथम हिरावून नेला तो शब्दही नव्हे कीं नांवही नव्हे. पतीवरचा विश्वास होय.

दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं आलोइस अल्झायमर नांवाचा सदतीस वर्षांचा वैद्य तिच्या बिछान्याशीं बसला आणि त्यानें प्रश्नोत्तरें शब्दशः लिहून घेतलीं. तिला नांव विचारलें तेव्हां तिनें आउगुस्टे असें सांगितलें. आडनांव विचारलें, तरी तेंच उत्तर आलें. पतीचें नांव विचारलें, तेव्हांही बहुधा आउगुस्टेच असावें असें ती म्हणाली. विवाह झाला आहे काय, याचें उत्तर तिनें असें दिलें कीं आउगुस्टेशीं झाला आहे. दुपारच्या जेवणांत ती फुलकोबी व डुकराचें मांस खात होती. काय खातां असें विचारतां तिनें पालकाची भाजी असें सांगितलें. पुढें तिला स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तेव्हां नांवामागें लावावयाची 'श्रीमती' अशा अर्थाची पदवी तेवढी तिनें लिहिली व बाकीचें विसरली. आणि आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों अशा अर्थाचे शब्द तिच्या तोंडून निघाले. पतीचें नांव उखाण्यांत गुंफून घेण्याची रीत ज्यांच्या घरांत आहे, त्यांस या प्रश्नोत्तरांतील करुणा निराळी समजावून सांगावयास नको. पतीचें नांव ती विसरली होती खरी; परंतु त्या रिकाम्या जागीं ठेवावयास तिच्यापाशीं जें एकच नांव उरलें होतें, तें स्वतःचें नांव तिनें त्यास देऊन टाकलें.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कार्लनें पत्नीस इस्पितळांत ठेवलें, हा त्याग म्हणावयाचा कीं काय? आपल्याकडील जुन्या वळणाचे लोक कदाचित् तसें म्हणतील. पण त्या वेळची परिस्थिति पाहिली पाहिजे. कचेरींतील नोकरीवर पोट असलेला तो माणूस. पत्नी घरांत एकटी राहिली तर स्वतःस कीं शेजाऱ्यास अपाय करील याचा भरंवसा नाहीं. पुढें पुढें तर ती तास तास ओरडत राही. शिवाय तें इस्पितळ त्या काळच्या मानानें पुष्कळ सुधारलेलें होतें. त्याचे प्रमुख एमिल सिओली यांनीं रोग्यांस बांधून ठेवण्याची जुनी रीत शक्य तितकी दूर ठेवली होती, आणि अस्वस्थ रोग्यांस ऊन पाण्याच्या टाक्यांत दीर्घकाळ बसवून शांत करण्याची पद्धति तेथें चालू होती. अशा ठिकाणीं पत्नीस नेऊन सोडणें म्हणजे तिला सोडून देणें नव्हे. निष्ठेचें माप छपराच्या एकपणावर घ्यावयाचें नसतें, हें या कथेंतून प्रथम शिकावयाचें.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या वैद्यानें आउगुस्टेस पतीचें नांव विचारलें, त्याची स्वतःची पत्नी सेसिलिया त्याच वर्षीं २८ फेब्रुवारीस निवर्तली होती. त्यानंतर नऊ महिन्यांनीं तो या बिछान्याशीं येऊन बसला. या योगायोगावर कल्पनेचे मनोरे रचण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु १९०३ सालीं तो फ्रांकफुर्ट सोडून गेल्यावरही या एका रोग्याची वार्ता तो ठेवीत राहिला, एवढें निश्चित. ८ एप्रिल १९०६ रोजीं आउगुस्टेचा अंत झाला. तिच्या मेंदूचें परीक्षण म्यूनिक येथें अल्झायमरनें केलें, आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथील वैद्यसभेंत तें निवेदन केलें. सभेंतील कोणीही त्यावर एक प्रश्न देखील विचारला नाहीं. १९१० सालीं त्याचे गुरुस्थानीं असलेले एमिल क्रेपेलीन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या विकारास अल्झायमरचें नांव दिलें. अल्झायमर १९१५ सालीं ब्रेस्लाव येथें वारला, आणि त्याचा देह फ्रांकफुर्ट येथें आणून पत्नीच्या शेजारीं पुरण्यांत आला. आउगुस्टेचें मूळ टिपण कित्येक दशकें गहाळ होतें. तें १९९५ च्या डिसेंबरांत फ्रांकफुर्ट येथेंच सांपडलें व १९९७ सालीं प्रसिद्ध झालें.

क्रेपेलीननें नांव दिलें, पण त्याबरोबर एक मर्यादाही घातली गेली. हा रोग म्हणजे म्हातारपणापूर्वीं होणारा एक विरळा विकार, असें मानण्यांत येऊं लागलें. सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसाची स्मृति गेली तर ती वयामुळें किंवा रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळें गेली, असें पूर्वीप्रमाणेंच समजण्यांत येत राहिलें. म्हणजे युरोपांतील वैद्यकही फिरून आपल्या 'साठी बुद्धि नाठी'पाशींच येऊन थांबलें! ही मर्यादा मोडून पडावयास १९७६ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंतील रॉबर्ट कॅट्झमन या मज्जाविकारतज्ज्ञानें एका छोट्या लेखांत असें प्रतिपादन केलें कीं, वयावरून केलेला हा भेद निराधार आहे. प्रौढांचा व वृद्धांचा हा विकार एकच असून तो मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकीं एक आहे. १९१० ते १९७६ या सहासष्ट वर्षांत जगांतील किती वृद्ध पतिपत्नींनीं या रोगाशीं नांवावांचून झुंज दिली असेल, याची मोजदाद कोठेंच नाहीं. त्यांच्यावर शास्त्रानें केलेला अन्याय मोठा होता, कारण ज्याला नांव नाहीं त्याविरुद्ध दाद तरी कोणाकडे मागावयाची?

ही दाद मागण्याचें काम प्रथम मोठ्या प्रमाणावर केलें तें वैद्यांनीं एकट्यांनीं नव्हे, तर रोग्यांच्या घरच्यांनीं. आणि त्यांत एक पति पुढें होता. शिकागो येथील व्यापारी जेरोम स्टोन याच्या एव्हलिन या पत्नीस १९७० सालीं हा रोग असल्याचें निदान झालें. धन, ओळखी, वैद्यांचा सल्ला, कशाचीही वाण नसतां, या रोगाविषयीं घरच्या माणसानें काय करावें हें सांगणारें कोणीच त्यास भेटेना. निरनिराळ्या शहरांत अशींच विखुरलेलीं कुटुंबें होतीं. १९७९ सालीं तीं एकत्र आलीं, आणि १९८० सालीं अमेरिकेंतील अल्झायमर संस्था रीतसर स्थापन होऊन स्टोन हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षीं नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स यांचें शुश्रूषा करणाऱ्यांसाठीं लिहिलेलें पुस्तक निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ 'छत्तीस तासांचा दिवस' असा आहे. आणि ज्यांनीं असा दिवस काढला आहे त्यांस तो आंकडा फुगविलेला वाटणार नाहीं. आपल्या देशांत या कामासाठीं १९९२ सालीं केरळांत अखिल भारतीय संस्था निघाली. एका गृहस्थाची पत्नीविषयींची कळकळ अशा रीतीनें लाखों अपरिचितांच्या उपयोगीं पडली.

आतां ज्या दोन जोडप्यांविषयीं लिहावयाचें आहे तीं प्रसिद्ध होतीं, आणि म्हणूनच त्यांच्या घरांत काय घडलें तें जगास समजलें. पहिलें जोडपें ऑक्सफर्ड येथील आयरिस मर्डोक व जॉन बेली यांचें. ती तत्त्वज्ञानाची अध्यापिका व सव्वीस कादंबऱ्यांची लेखिका. १९७८ सालीं तिला बुकर पारितोषिक मिळालें होतें. तो साहित्याचा प्राध्यापक व टीकाकार. १९५६ सालीं त्यांचा विवाह झाला. अपत्य झालें नाहीं. १९९५ सालीं तिची शेवटची कादंबरी निघाली आणि १९९७ सालीं तिच्या रोगाचें निदान झालें. पुढें २००५ सालीं संशोधकांनीं तिची पहिली, ऐन बहरांतील व शेवटची अशा तीन कादंबऱ्यांतील शब्दसंपत्ति ताडून पाहिली, तेव्हां असें दिसून आलें कीं शेवटच्या कादंबरींतील शब्दभांडार पूर्वीपेक्षां आकुंचित झालें होतें. म्हणजे कोणी निदान करण्यापूर्वींच रोगानें तिच्या वाक्यांत पाऊल टाकलें होतें.

बेलीनें १९९८ सालीं, पत्नी हयात असतांनाच, या सहवासाचें एक पुस्तक लिहिलें. ज्या व्यक्तीस संमति देण्याची शक्ति उरली नाहीं, तिचें खासगी दैन्य चव्हाट्यावर मांडणें योग्य काय, असा आक्षेप तेव्हां पुष्कळांनीं घेतला. आक्षेप क्षुल्लक नाहीं, आणि तो पुरता खोडून काढतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्या पुस्तकाचा एक गुण मान्य केला पाहिजे. पतिपत्नींच्या प्रेमाचीं जीं वर्णनें आपण वाचतों त्यांत शुश्रूषा करणारें माणूस कधीं रागावत नाहीं. बेली रागावतो, त्याचा संयम सुटतो, आणि हें सारें तो लिहून ठेवतो. त्याच पुस्तकांत तो तिला, दोघांच्या जुन्या आवडीप्रमाणें, नदीवर पोहावयास नेतो, तिच्याजवळ बसून लहान मुलांसाठीं असलेले दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पाहतो, आणि जेथें संभाषण उरलें नाहीं तेथें हंसण्यावर काम भागवितो. राग आला म्हणजे निष्ठा भंगली, असें मानून मनांतल्या मनांत झुरणाऱ्या कित्येक माणसांस त्याच्या या कबुलीनें धीर आला असला पाहिजे. ८ फेब्रुवारी १९९९ रोजीं आयरिस निवर्तली. तिचे शेवटचे दिवस एका शुश्रूषागृहांत गेले. कार्ल डेटरप्रमाणेंच बेलीसही अखेर दुसऱ्यांचे हात घ्यावे लागले.

येथें मर्डोकच्याच एका विचाराचें स्मरण होतें. १९७० सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत तिनें असें मांडलें आहे कीं, नीतीचें मूळ मोठ्या निर्णयांत नसून अवधानांत आहे. म्हणजे दुसरी व्यक्ति आपल्या इच्छेहून निराळी, खरोखर अस्तित्वांत असलेली अशी आहे, हें न्यायानें व प्रेमानें पाहत राहण्यांत आहे. हा शब्द तिनें सिमोन वेल या फ्रेंच विदुषीपासून घेतला. बुद्धीनें सिद्ध केलेला हा विचार, बुद्धि गेल्यावर तिच्या पतीस रोज सकाळीं आचरावा लागला. समोरची स्त्री पूर्वींची लेखिका नाहीं, पण ती रिकामी देहाकृतिही नाहीं. तिला आतां या घटकेस भीति वाटते आहे कीं समाधान, एवढें ओळखणें हेंच तेथें प्रेमाचें काम होतें.

दुसरें जोडपें अमेरिकेंतील. सँड्रा डे ओकॉनर ही १९८१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयाची पहिली स्त्री न्यायाधीश झाली. १९५२ सालीं तिचा विवाह जॉन ओकॉनर या वकिलाशीं झाला होता. १९९० सालीं जॉनला स्मृतिभ्रंशाचें निदान झालें. त्यानंतर पंधरा वर्षें तिनें न्यायासन व रुग्णशय्या अशा दोन्ही जागा सांभाळल्या, आणि २००६ च्या जानेवारींत, मुख्यतः पतीच्या शुश्रूषेसाठीं, जन्मभराचें तें पद सोडलें. परंतु लवकरच त्यास फिनिक्स येथील शुश्रूषागृहांत ठेवणें भाग पडलें. तेथें २००७ सालीं असें झालें कीं, पत्नीची ओळख गमावलेला हा पति तेथल्याच एका रुग्ण स्त्रीच्या सहवासांत रमूं लागला. तिचा हात हातांत घेऊन बसूं लागला. त्यांच्या मुलानें ही गोष्ट जाहीरपणें सांगितली, आणि तिच्याबरोबर हेंही सांगितलें कीं, वडिलांची तळमळ थांबून ते शांत झाले याचा आईस आनंदच वाटला.

ही हकीकत आणि फ्रांकफुर्टची हकीकत एकमेकींशेजारीं ठेवून पाहाव्या. १९०१ सालीं पत्नीनें पतीवर जो आळ घेतला तो खोटा होता, आणि तरी त्याचा डाग पतीस सोसावा लागला. २००७ सालीं पतीचें मन खरोखरीच दुसरीकडे गेलें होतें, आणि तरी पत्नीनें त्यास दोष मानलें नाहीं. दोन्ही ठिकाणीं रोगानें घाव घातला तो विवाहाच्या मर्मावरच. पहिल्या उदाहरणांत पतीचा संबंध केवळ एवढाच उरला कीं त्यानें खरी हकीकत सांगून पत्नीस योग्य हातीं दिलें. दुसऱ्या उदाहरणांत पत्नीनें 'हा माझा आहे' हा हक्क सोडला, पण 'हा सुखी असावा' ही इच्छा सोडली नाहीं. सँड्रा ओकॉनरनें पुढें २००८ सालीं सेनेटच्या समितीपुढें उभें राहून अशा कुटुंबांच्या हालांविषयीं साक्ष दिली. जॉन २००९ सालीं वारला. २०१८ सालीं तिनें स्वतःसही हाच विकार जडल्याचें पत्र लिहून जाहीर केलें, आणि १ डिसेंबर २०२३ रोजीं ती मरण पावली.

या इतिहासाकडून आपल्या घरांकडे वळलें म्हणजे काय दिसतें? २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणें भारतांतील साठ वर्षांवरील माणसांपैकीं सुमारें ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष माणसें, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. त्यांपैकीं बहुतेकांची शुश्रूषा घरींच होते, आणि ती करणारी व्यक्ति बहुधा स्त्री असते. पुरुषानें पत्नीची अशी सेवा केली तर तिच्यावर लेख लिहिले जातात, आणि ते लिहिले जावेत हें योग्यच आहे. तीच सेवा स्त्रीनें केली तर ती 'पतिव्रता' या एका शब्दांत सामावून जाते. ज्या वचनाची विवाहांत तिच्याकडून मागणीही झाली नाहीं, तें ती जन्मभर पाळते, आणि तें न मागितलेलें असल्यामुळेंच त्याची गणना होत नाहीं.

आम्हांस पातिव्रत्याचा उपहास करावयाचा नाहीं. त्याचा खरा अर्थ शोधावयाचा आहे. गांधारीनें पति आंधळा म्हणून स्वतःचे डोळे बांधून घेतले, याची थोरवी आपण पिढ्यान् पिढ्या गात आलों. पण त्या घरांत दोन डोळ्यांची किती गरज होती! पतीस जें दिसत नव्हतें तें तिनें पाहिलें असतें, तर कुरुकुळाचें हितच झालें असतें. स्मृतिभ्रष्ट पतीसाठीं जी स्त्री झोंप सोडते, आप्तांकडे जाणें सोडते, स्वतःचें औषधपाणी सोडते, तिला आपण नकळत डोळ्यांवर पट्टी बांधावयास लावीत असतों, आणि वर तिची स्तुतिही करीत असतों. सहचराचें कर्तव्य दुसऱ्याचें उणें आपणही पत्करणें हें नसून, तें भरून काढण्यापुरतें आपलें बळ शाबूत राखणें हें आहे. तें बळ राखावयास इतरांची मदत लागते.

१९५५ चा हिंदु विवाह कायदा असाध्य मनोविकार हें घटस्फोटाचें एक कारण मानतो. ज्यास विवाहांतून बाहेर पडावयाचें आहे त्याच्यासाठीं कायद्यानें दार ठेवलें आहे. तें असावें कीं नसावें हा येथील विषय नव्हे. ज्यास घरांतच राहावयाचें आहे त्याच्या विसाव्याची सोय मात्र कायद्यानें फारशी केलेली नाहीं, आणि ती करणें आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या हातीं आहे. आठवड्यांतून एक दुपार दिरानें येऊन भावापाशीं बसावें; सुनेच्या एकटीच्या वांट्यास रात्री येऊं देऊं नयेत, मुलानेंही त्या वांटून घ्याव्या; शहरांत दिवसभर सांभाळ करणारें केंद्र असेल तर तेथें रोग्यास पाठविण्यास 'लोक काय म्हणतील' म्हणून कचरूं नये. या गोष्टी लहान आहेत. परंतु कार्ल डेटरपासून ओकॉनरपर्यंत ज्यांचा ज्यांचा इतिहास वर सांगितला, त्यांपैकीं एकासही दुसऱ्याच्या मदतीवांचून शेवटपर्यंत निभावतां आलें नाहीं, हें विसरूं नये.

सप्तपदींतलें सातवें पाऊल सख्याचें मानलें आहे. सख्य हें दोघांनीं मिळून आठवावयाच्या गोष्टींवर उभें असतें. एकाची आठवण गेली तर तीं पन्नास वर्षें दुसऱ्याच्या एकट्याच्या जतनांत येतात, आणि तो दमला तर त्यांचा साक्षीदार कोणी उरत नाहीं. म्हणून आपल्या नात्यांत किंवा वाड्यांत असें घर असेल, तर रोग्याची चौकशी करून परत फिरूं नये. त्याच्या पत्नीस, किंवा पत्नी रोगी असेल तर पतीस, 'तुमची स्वतःची झोंप झाली काय' हेंही विचारावें, आणि उत्तर 'नाहीं' असें आलें तर थोडा वेळ तेथें बसावें.